ट्रॉली नंबर तीनचे अलगदमामा

हॉस्पिटलात नाव होतं ते डॉक्टरांचं. त्यात वावगं काही नाही. शिकलेत ते, राबतातही. पण ट्रॉली ढकलणाऱ्या माणसाचं नाव कोणी विचारत नाही, आणि विचारलंच तर ते तक्रार लिहिण्यापुरतं. अलगदमामांचं खरं नाव असंच निम्म्या हॉस्पिटलला ठाऊक नव्हतं. मात्र कॅन्सर विभागात 'अलगद' म्हटलं की झाडूवाल्या मावशींपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच माणूस यायचा: बुटका, रुंद खांद्यांचा, चष्मा कपाळावर चढवून तोच चष्मा खिशात शोधणारा.

मामांचं काम एका दमात सांगून होतं. ऑपरेशनच्या खोलीतून बाईला ट्रॉलीवर घ्यायचं, एमआरआयला न्यायचं, तिथून परत वॉर्डात आणायचं आणि वेळ झाली की शेकाच्या खोलीत पोचवायचं. हे ऐकून एखादा म्हणायचाच, "यात काय मोठंसं?" मामा वाद घालत नसत. म्हणत, "या एकदा. ढकलून बघा."

ज्यांना हा आजार माहीत नाही त्यांनी देवाचे आभार मानावेत आणि चार गोष्टी ऐकून घ्याव्यात. गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सरची गाठ झाली की आधी काही आठवडे मोठ्या यंत्राखाली निजवून बाहेरून किरणांचा शेक देतात. गाठ आक्रसते, पण जात नाही. उरलेलीला आतूनच गाठावं लागतं. मग बाईला कमरेखाली बधिर करून खालच्या वाटेनं गाठीपर्यंत बारीक नळ्या बसवतात, त्या हलू नयेत म्हणून भोवती पट्टीचं कापड ठासून भरतात, आणि नळ्यांसकट एमआरआयचं चित्र काढतात. गाठ कुठे, लघवीची पिशवी कुठे, आतडं कुठे, हे त्या चित्रात बघून ठरतं, की किरणं टाकणारा तो तांदळाच्या दाण्याहून लहान तुकडा नळीत कुठे किती सेकंद थांबवायचा. इथे सात सेकंद, तिथे अकरा. अशा चार खेपा. चित्र काढल्यापासून शेक मिळेपर्यंत आतलं सगळं जिथल्या तिथे राहायला हवं, नाहीतर गाठीचा शेक शेजारच्या आतड्याला बसायचा. आणि चित्र आणि शेक यांच्या मधे काय असतं? मामांची ट्रॉली.

मामा मूळचे हॉस्पिटलातले नव्हेत. उमेदीची वर्षं त्यांनी एका काचवाल्याकडे हातगाडी ओढण्यात घालवली. खिडक्यांच्या काचा, आरसे, दुकानांची कपाटं. मालक तोंडाचा फटकळ होता. पहिल्याच दिवशी त्यानं सांगितलं होतं, "काच कण्हत नाही, रडत नाही. एकदम फुटते. तेव्हा तिला विचारत बसू नकोस, रस्त्याला विचार." पुढे हॉस्पिटलची नवी इमारत बांधायला घेतली तेव्हा मामा ऑपरेशनच्या खोल्यांच्या काचा घेऊन आले. अंगण नळासाठी खणून ठेवलेलं, फळ्या टाकलेल्या, चिखल. त्यातून त्यांनी अकरा काचा आत नेल्या आणि एकीलाही ओरखडा नाही. तेव्हाच्या मेट्रन व्हरांड्यात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी मामांना हाक मारली आणि विचारलं, "माणसं वाहशील का रे?"

मामा वाहायला लागले. काचेचा धडा ते विसरले नाहीत, पण माणूस कण्हतो हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं. एक म्हातारी होती, नळ्या बसवलेली. त्या काळी बधिरतेचं औषध इतकं पुरत नसे. लिफ्टच्या फटीवरून चाक गेलं तेव्हा म्हातारीनं चादरीचा कोपरा दातांत धरला आणि डोळे मिटून म्हणाली, "बाबा, हळू रे." ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर मामांना परवडलं असतं. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी ते घरून जुन्या रबरी पायपुसण्याचा तुकडा घेऊन आले, तो लिफ्टच्या फटीवर बसेल असा कापला आणि ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात ठेवून दिला. तेव्हापासून ती फट मामांच्या रोग्यांना कधी कळली नाही.

मग एकेक खोड लागत गेली. ट्रॉली नंबर तीन त्यांची. तिला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपायचा नाही. चाकांत केस आणि दोरे अडकतात, ते रोज सुईनं ओढून काढायचे. तेल तीन थेंब, चौथा नाही. आणि सगळ्यात मोठी खोड म्हणजे सकाळची फेरी. कामाला आल्यावर मामा रिकाम्या ट्रॉलीवर एक स्टीलचा ग्लास ठेवायचे, काठोकाठ पाण्यानं भरलेला, आणि सगळी वाट एकदा चालून यायचे. ऑपरेशनची खोली, लांब बोळ, लिफ्ट, एमआरआयचं दार, तीच वाट उलट, आणि शेवटी शेकाची खोली. जिथे पाणी सांडेल तिथे थांबायचं, खाली वाकून बघायचं. फरशी उचकटलीय? खडा आलाय? लिफ्ट बोटभर वर थांबतेय? सापडेपर्यंत पुढे जायचं नाही. नवे डॉक्टर हसायचे. "मामा, पाण्याला कुठं भरती करायचंय?" मामा म्हणायचे, "बरं झालं, तुम्हाला हसू तरी येतं. बाकी सगळे इथं रडत येतात."

घरी मात्र दिव्याखाली अंधार. चौकटीला खांदा, टेबलाला गुडघा, आणि कपाचा कान तर मामांच्या हातात टिकायचाच नाही. मामींच्या स्वयंपाकघरात बिनकानाच्या कपांची एक रांगच होती. मामी म्हणायच्या, "अहो, बायका म्हणे तुमच्या ट्रॉलीवर झोपी जातात. आणि माझ्या कपांनीच काय घोडं मारलंय?" सगळी सावधगिरी हॉस्पिटलात खर्च होऊन जात असावी.

विभागात एक तरुण बाई होत्या, शेकाचं गणित मांडणाऱ्या. कुठल्याही गोष्टीचं माप मिलिमीटरमध्येच सांगायच्या, म्हणून सगळे त्यांना मिलिमीटरताई म्हणत. त्यांनी एकदा मामांना पडद्यासमोर बसवून चित्र दाखवलं होतं. "ही गाठ. हे आतडं. मधे जागा किती आहे, मामा?" मामांनी चष्मा शोधला, लावला, बघितलं. "बोटभर." ताई म्हणाल्या, "बोटभर तुम्हाला दिसतंय, कारण मी मोठं करून दाखवतेय. खरी जागा माझ्या नखाएवढी आहे." त्या दिवसापासून मामा फटीला पूर्वीपेक्षा जास्त घाबरायला लागले आणि स्वतःला पूर्वीपेक्षा जास्त मानायला लागले. दोन्ही रास्तच होतं.

आता त्या दिवसाची गोष्ट.

शिंपीणबाईंची तिसरी खेप होती. पन्नाशीच्या, कपडे शिवून संसार उभा केलेल्या, जिभेनं कात्री. पहिल्या खेपेलाच त्यांनी मोठ्या डॉक्टरांना विचारलं होतं, "मी बरी होईन ते तुमच्याकडे लागलं. पण आतलं काही जळलं, पोट हातात राहिलं नाही, तर मी मशीनवर बसायचं कसं? दिवसाचे नऊ तास बसते मी." डॉक्टर म्हणाले होते, जपू. मामांनी ते ऐकलं होतं. ट्रॉलीवर माणूस कोण आहे, उठून कुठे बसणार आहे, हे कळलं की मामांचे हात आणखी हलके व्हायचे.

त्या दिवशी नळ्या नीट बसल्या, चित्र छान निघालं. एमआरआयहून परत येताना सिस्टर लिफ्ट धरायला पुढे गेल्या. शिंपीणबाईंचा डोळा लागला होता. बोळाच्या कोपऱ्यावर मामा नेहमीसारखे थबकले, कानोसा घेतला, वळले. आणि एक गृहस्थ एक्स-रेचं पाकीट छातीशी धरून धावत समोरून आले. मामांनी ट्रॉली आवरली. ट्रॉली कुठे आपटली नाही, पण थांबली ती झटक्यानं. शिंपीणबाईंची मान इकडची तिकडे झाली आणि परत स्थिरावली. त्या जाग्याही झाल्या नाहीत. गृहस्थ "सॉरी सॉरी" म्हणत निघूनही गेले. बोळात कोणी नव्हतं. बघणारे एकटे मामा.

एकोणीस वर्षांत असा झटका त्यांच्या ट्रॉलीनं कोणाला दिला नव्हता. वॉर्डात पोचल्यावर त्यांनी सिस्टरांना सांगितलं. सिस्टरांनी चादर वर करून बघितलं. नळ्या जिथे बाहेर येतात तिथे त्वचेवर पेनाची खूण केलेली असते. खूण जागच्या जागी. "काही झालेलं नाही मामा. जा, चहा घेऊन या."

मामा चहाला गेले खरे, पण चहा तसाच राहिला. शेजारी बसलेल्या लिफ्टमननं सगळं ऐकून घेतलं आणि जुन्या दोस्ताला द्यावा तसा सल्ला दिला. "झाकली मूठ सव्वा लाखाची. खूण हलली नाही म्हणतात ना? मग तुला काय पडलंय? हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नकोस. उद्या काही कमीजास्त झालं तर सगळे म्हणतील, अलगदनंच धक्का दिला. नाव जायला एक दिवस पुरतो."

सल्ला वाईट नव्हता. कुणीही शहाण्या माणसानं मानला असता. मामांनी दोन मिनिटं मानलासुद्धा. मग त्यांना वाटलं, खूण बाहेरची. बाहेरून काच काय, साबूतच दिसते. ते उठले ते तडक मिलिमीटरताईंच्या खोलीत गेले.

ताई गणितात बुडालेल्या. पाऊण काम झालं होतं. मामा दाराशी उभे राहिले. "ताई, परत येताना धक्का लागला. माझ्या हातून."

"खूण बघितली सिस्टरांनी. मला सांगितलं त्यांनी."

"खुणेचं नाही म्हणत मी. धक्क्याचं म्हणतोय."

ताईंनी मान वर केली. "केवढा धक्का? मला माप सांगा."

मामांना मिलिमीटर कुठून सांगता येणार? मग म्हणाले, "ग्लास असता तर निम्मा सांडला असता."

ताई सकाळी लवकर यायच्या. मामांची फेरी त्यांनी शेकडो वेळा बघितली होती. थेंबभर सांडलं तरी हा माणूस गुडघे टेकून फरशी चाचपतो हे त्यांना माहीत होतं. निम्मा ग्लास म्हणजे काय ते त्यांना लगेच समजलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मोठ्या डॉक्टरांना बोलावून घेतलं.

मोठे डॉक्टर मनाचे चांगले, पण त्या दिवशी आधीच दोन खेपा मागे पडलेल्या. ते भडकले. "खूण जागेवर, रोगी आरामात, आणि एका ट्रॉलीच्या झटक्यासाठी मी एमआरआय परत करू? बाहेर रांग बघितलीत का? बाईंना परत त्याच वाटेनं नेणार, परत आणणार. तेव्हा झटका बसला तर तिसऱ्यांदा करू?" मग मामांकडे वळून, "मामा, तुमचा जीव जरा जास्तच हळवा आहे. राईचा पर्वत करू नका."

एकोणीस वर्षांत मामा डॉक्टरांपुढे 'बरं साहेब' याखेरीज काही बोलले नव्हते. आज बोलले. "साहेब, माझा जीव हळवा असेल. हात हळवा नाही. हाताला कळलंय ते मी सांगितलं. आता शेक द्यायचा का नाही ते तुम्ही ठरवा. पण मला विचाराल तर, मी त्या बाईंना त्या खोलीत ढकलून नेणार नाही. दुसऱ्या कोणाला सांगा."

ट्रॉलीवाल्यानं ट्रॉली न्यायला नकार दिल्याचं त्या विभागात कोणी ऐकलं नव्हतं. मामा दारातून हलले नाहीत. त्या माणसाची त्या वेळची उंची कोणी मोजली असती तर ताईंनासुद्धा मिलिमीटर सोडून द्यावे लागले असते.

डॉक्टर ताईंकडे वळले. मग म्हणाले, "एमआरआयला फोन लावा."

शिंपीणबाईंना सांगायला मामा स्वतः गेले. आडपडदा न ठेवता म्हणाले, "बाई, माझ्या हातून धक्का लागलाय. परत चित्र काढायला न्यायचंय."

"मला तर झोप लागली होती."

"म्हणून तर सांगतोय."

शिंपीणबाईंनी त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. "उसवा मग. वाकड्या शिवणीवर सरळ शिवण मारून भागत नाही. चला, न्या."

या वेळी मामांनी कोपऱ्यावर लिफ्टमनला उभं केलं, आणि तो मुकाट्यानं उभा राहिला. ट्रॉली गेली आणि आली. पाणी असतं तर शहारलं नसतं.

नवं चित्र जुन्या चित्रावर ठेवून ताई बघत होत्या. मामा मागे उभे होते. ताई म्हणाल्या, "नळ्या हललेल्या नाहीत. केसभरही नाहीत."

मामांचा चेहरा उतरला. एका बाजूनं जिवात जीव आला, दुसऱ्या बाजूनं शरमेनं मेल्यासारखं झालं. सगळ्यांचा खोळंबा, बाईंची दोनदा नेआण, डॉक्टरांशी तोंडाला तोंड. ते हळूच मागे सरकायला लागले. तेवढ्यात डॉक्टर पडद्याकडे झुकले. "हे काय आहे?"

आतड्याचा एक वेढा खाली घसरून नळीच्या टोकाशी येऊन टेकला होता. पहिल्या चित्रात तो दोन बोटं लांब होता.

"धक्क्यानं आला?" मामांनी विचारलं.

"कोणास ठाऊक," डॉक्टर म्हणाले. "आतडं आहे, ते आपलं आपण हालतं. धक्क्यानं आलं असेल, नसेलही. पण ते आता इथे आहे. आणि आम्ही ते तिथे आहे असं समजून शेक द्यायला निघालो होतो." मग मामांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मशीनवर बसायचंय त्या बाईंना."

ताईंनी गणित पुन्हा पहिल्यापासून मांडलं. टोकाजवळच्या दोन जागांचे सेकंद काढून ते खालच्या जागांना वाटले, गाठीला कमी पडणार नाही आणि आतड्याला जास्त होणार नाही असे. दुपार कलली तेव्हा मामांनीच शिंपीणबाईंना शेकाच्या खोलीत नेलं. दार बंद झालं. मामा बाहेर बाकावर बसले आणि आपल्या दोन्ही हातांकडे जरा वेळ बघत राहिले. अभिमान वाटला त्यांना. वाटायलाच हवा होता.

त्या गोष्टीला आता चार वर्षं होतील. शिंपीणबाई तपासणीला येतात, गाठीचा मागमूस नाही, आणि मशीन पूर्वीसारखं नऊ तास चालतं असं त्या भेटेल त्याला सांगतात. मामांना विचाराल तर मात्र ते तिसऱ्या खेपेचं फारसं बोलत नाहीत. चौथ्या खेपेचं रंगवून सांगतात.

चौथ्या खेपेला सगळं सुरळीत पार पडलं. ट्रॉली शेकाच्या खोलीत पोचली, नळ्या यंत्राला जोडल्या, आणि आता बाहेर पडायचं एवढ्यात ताईंनी मामांपुढे पुठ्ठ्याला लावलेला कागद धरला. यंत्र चालू करण्याआधी भरायचा तो कागद मामांनी लांबून रोज बघितला होता. त्यावर दोनच सह्या असायच्या, ताईंची आणि मोठ्या डॉक्टरांची. आज त्यावर तिसरा चौकोन छापलेला होता. 'वाटेत धक्का लागला का? रोग्याला आणणाऱ्याची सही.'

"माझी?" मामा म्हणाले. "ताई, मी चौथी शिकलोय. नाव लिहायला वेळ लागतो मला."

उत्तर मोठ्या डॉक्टरांनी दिलं. "लागू दे. त्याशिवाय हे यंत्र यापुढे कोणासाठी चालू व्हायचं नाही. तसं लिहूनच दिलंय मी वर." मग जरा खाकरून, "मी आतलं बघतो, ताई मोजतात. वाट तुम्हीच बघितलेली असते, मामा."

ट्रॉलीवरून आवाज आला, "मामा, घाई करू नका. मी कुठं पळून जात नाही."

मामांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. आधी 'नाही' लिहिलं. मग कागद पुठ्ठ्यावर सरळ केला आणि सही करायला घेतली. त्यांना लपेटदार सही माहीत नव्हती. त्यांनी आपलं नाव लिहिलं, वडिलांचं नाव लिहिलं, आडनाव लिहिलं, एकेक अक्षर सुटं, मोठं, काना-मात्रा न चुकवता. चौकोन लहान होता. अक्षरं चौकोनातून बाहेर पडून शेजारच्या डॉक्टरांच्या चौकोनात शिरली आणि तोही भरून गेला. मामांच्या ते लक्षात आलं तेव्हा त्यांचे कान लाल झाले.

डॉक्टरांनी कागद घेतला, ते पूर्ण नाव पहिल्यांदाच वाचलं, आणि आपली सही खाली समासात केली.